पास होऊन नापास

वीसेक वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून काम केलं की माणसाला एक खोड लागते. समोरच्याचा जबडा उघडा असतो, त्याला उलट बोलता येत नाही, त्यामुळे आपण म्हणू तेच खरं असं डॉक्टरला वाटायला लागतं. मामाला ही खोड पुरेपूर लागली होती. तसा तो एकाच भाचीचा मामा, पण बोलण्याचा थाट असा की शेजारीपाजारीही त्याला मामाच म्हणत.

मामी पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तिची बदली दूर परदेशातल्या शहरात झाली, तेव्हा मामाने आपला चांगला चालणारा दवाखाना दुसऱ्याच्या हवाली केला आणि छाती फुगवून म्हणाला, "तिकडच्या लोकांना काय दात नसतात?"

दात होते. पण त्यांना हात लावायचा तर तिथला परवाना लागत होता आणि परवान्यासाठी परीक्षा होती. दोन भागांची. दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा. तो म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ, असं मामा धरून चालला होता. घोडं अडलं ते पहिल्या भागापाशी. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीव. ज्या विषयांना त्याने कॉलेजच्या पहिल्या वर्षी कोपरापासून नमस्कार केला होता, ते सगळे हात जोडून दारात उभे.

पुस्तक घरी आलं, तेव्हा खोक्यातून उचलताना मामाच्या कमरेत उसण भरली.

"झाली सुरुवात शरीररचनेला," मामी म्हणाली.

परवाना मिळेपर्यंत तो चौकातल्या एका दवाखान्यात मदतनीस म्हणून लागला. दवाखाना आपल्याकडच्याच एका तिशीतल्या डॉक्टरचा. हा डॉक्टर भला माणूस होता, मामाला "काका" म्हणायचा, आणि काकांचं काम एकच: पेशंटच्या तोंडात लाळ ओढणारी नळी धरून उभं राहायचं. एके काळी मामासाठी अशी नळी दुसरं कुणीतरी धरायचं आणि मामा त्या माणसावर खेकसायचा. आता तो नळी धरून छताकडे बघे आणि आपल्यावर कुणी खेकसत नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटे.

अशातच ताईचा, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

"बाळ्या, चिमीला तुझ्याकडे पाठवतेय. तिचंही दातांचं शिक्षण संपलं, तिलाही तीच परीक्षा द्यायचीये. तू आहेस म्हणून मला काळजी नाही. जरा शिकव तिला."

"पाठव, पाठव," मामा म्हणाला. "बेसिक पक्कं करून घेतो तिचं."

मामीने हे ऐकलं आणि भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवली. मामीचं न बोलणं मामाला चांगलं समजायचं, पण समजून न समजल्यासारखं करायलाही तो शिकला होता.

चिमी आली. शाळेपासून पहिला नंबर न सोडलेली, केस घट्ट बांधणारी, कमी बोलणारी मुलगी. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून दोघांचा अभ्यास सुरू झाला. मामाने घसा खाकरून विचारलं, "हं, सांग बघू, पेशीला शक्ती कुठून मिळते?"

तिने सांगितलं. सांगत राहिली. मामाच्या हातातला चहा निवला तरी ती सांगतच होती. शेवटी ती म्हणाली, "बरोबर ना, मामा?"

मामाने पुस्तकाच्या मागच्या पानावर चोरून नजर टाकली. "साधारण बरोबर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती विचारायला लागली आणि मामा उत्तरं द्यायला. उत्तरं कसली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सायट्रिक ॲसिडचं चक्र तर त्याच्या पार डोक्यावरून जाई. "जिथून निघायचं तिथेच परत यायचं, तर मग निघायचंच कशाला?" असा त्याचा सवाल होता. चिमी शांतपणे म्हणायची, "मामा, तू जेवतोस, त्याचं पुढे काय होतं ते हेच आहे." मग तो पोटावरून हात फिरवून म्हणायचा, "माझं चक्र बंद पडलेलं दिसतंय. सगळं इथेच साठलंय."

मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा तिने त्याला कशाबशा पाठ करून घेतल्या, त्याही त्याच्याच पद्धतीने. पहिली नस वासाची, ती थोरली आत्या. कुणाकडे काय शिजतंय ते तिला जिन्यातच कळतं. दहावी व्हेगस, म्हणजे भटकी, गळा, हृदय, पोट सगळीकडे फिरून येणारी. ते धाकटे काका, न बोलावता घरोघरी हजर.

"आणि सातवी चेहऱ्याची," मामा म्हणाला, "तोंडं वेडीवाकडी करणारी. ती तुझी मामी."

"मी घरातच आहे," आतून आवाज आला.

थोडंफार डोक्यात शिरायला लागलं तसा मामाला वेगळाच ताप चढला. शिकलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. दवाखान्यात एक घाबरट गृहस्थ खुर्चीवर बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "इंजेक्शन दिल्यावर दुखणार नाही ना?" डॉक्टर हात धुवायला गेला होता. मामाने नळी बाजूला ठेवली आणि सुरू केलं. नसेच्या पापुद्र्यात बारीक दारं असतात, त्यातून सोडियम आत धावतं, तेव्हा दुखण्याची वर्दी मेंदूकडे निघते, भुलीचं औषध आतून जाऊन ती दारं बंद करतं. आता समजा एखादं दार बंद झालंच नाही...

डॉक्टर परत आला तेव्हा खुर्ची रिकामी होती.

"काका," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "तुम्ही आपली नळी धरा."

मामाने हा किस्सा घरी स्वतःच तिखटमीठ लावून सांगितला. आपलीच टवाळी आधी आपण केली की दुसऱ्याला करायला उरत नाही, हा त्याचा जुना हिशेब. परीक्षेचंही त्याने तसंच केलं. "मी बुडणार, हे नक्की," असं तो मामीला, ताईला, खालच्या वाण्यालाही सांगून मोकळा झाला. नापास झाल्यावर काय बोलायचं ते त्याने मनाशी घोळून ठेवलं होतं आणि ते भाषण इतकं खुसखुशीत जमलं होतं की नापास व्हायची त्याला जवळजवळ ओढच लागली होती.

परीक्षा झाली. चिमी हॉलमधून बाहेर आली ती नखं खात. मामा बाहेर आला तो सुतकी चेहऱ्याने, कारण भटक्या काकांवर, म्हणजे दहाव्या नसेवर, खरंच प्रश्न आला होता आणि तो वाचून त्याला हसू फुटलं होतं, म्हणून पर्यवेक्षकाने दोनदा दटावलं होतं.

निकाल फोनवर आला, तेव्हा मामा दवाखान्याच्या मागच्या खोलीत हत्यारं उकळायच्या यंत्रासमोर उभा होता. त्याने चष्मा पुसून वाचलं. पास. पुन्हा पुसून वाचलं. पासच. त्याच्या तोंडून एवढा मोठा आवाज निघाला की डॉक्टर अर्धवट भरलेली दाढ सोडून धावत आला. मामाने कोपऱ्यावरच्या दुकानातून चॉकलेटांचा डबा आणला आणि दातांच्या दवाखान्यात, दाढदुखीने बेजार बसलेल्या पेशंटांसकट, सगळ्यांना वाटला. डॉक्टरने मिठी मारली. एका आजींनी तर आशीर्वादही दिला.

तरंगतच तो घरी आला. दार मामीने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"चिमीचं गेलं," ती हळूच म्हणाली. "थोडक्यात गेलं. दुपारपासून खोलीचं दार लावून बसलीये. जन्मात पहिल्यांदा नापास झालीये पोर. तुझं काय?"

मामाच्या तोंडातलं चॉकलेट कडू झालं. तो काही बोलणार एवढ्यात खोलीचं दार उघडलं. चिमीचे डोळे सुजले होते. तिने मामाकडे पाहिलं आणि विचारलं, "मामा, तुझं?"

त्या एका क्षणात मामाच्या डोक्यात किती गोष्टी येऊन गेल्या, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. रोज सकाळ-संध्याकाळ या मुलीने आपल्यामागे वेळ घालवला. आपण तिच्या जिवावर तरलो आणि ती आपल्या ओझ्याने बुडाली. आणि ती खोलीत रडत असताना आपण चॉकलेटं वाटत होतो.

"माझं काय असायचं," तो म्हणाला. "सपशेल आडवा. सांगितलं नव्हतं का?"

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण तयार भाषण वाया घालवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने ते सगळं म्हणून टाकलं, विनोदांसकट. चिमी रडता रडता हसली. मग तिने येऊन त्याचा हात धरला आणि म्हणाली, "वाईट नको वाटून घेऊस, मामा. या वयात तू एवढं केलंस तेच खूप आहे. आपण दोघं पुन्हा बसू. मी घेते तुझं करून."

रात्री स्वयंपाकघरात मामीने त्याचा फोन घेऊन निकाल वाचला.

"पास होऊन नापास झालेला माणूस मी आजच पाहिला," ती म्हणाली. "खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात हे ऐकलं होतं. तुझे दाखवायचे किडलेले आहेत."

"सांगतो तिला. दोन-चार दिवसांत सांगतो."

"मी आपणहून काही बोलणार नाही. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही, सांगून ठेवते."

दोन-चार दिवसांचे आठवडे झाले. सुरुवातीला चिमी पुस्तकाला हात लावत नव्हती, म्हणून सांगायचं राहिलं. मग ती मामासाठी म्हणून टेबलावर येऊन बसायला लागली, तेव्हा तर सांगायची सोयच उरली नाही. पास झालेला मामा नापास झालेल्या भाचीकडून पास झालेला अभ्यास पुन्हा शिकू लागला. मुद्दाम चुका करायच्या, तर त्याही पटतील अशा करायला हव्यात. त्यासाठी आधी बरोबर उत्तर पक्कं माहीत हवं. त्यामुळे झालं असं, की पहिल्या खेपेला त्याने जितका अभ्यास केला नसेल तितका या खेपेला केला. मध्येच विसरून तो एखादं उत्तर फाडकन बरोबर देई आणि चिमी खूश होऊन म्हणे, "बघ, येतं की तुला!" तेव्हा त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं होई. घरी पडलेला चेहरा, दवाखान्यात खुललेला. संध्याकाळी जिना चढताना तो मधल्या मजल्यावर थांबून चेहरा बदलायचा. इकडे परीक्षेच्या दुसऱ्या भागासाठी नाव द्यायची मुदत जवळ येत चालली होती आणि मामी रोज नुसती कॅलेंडरकडे बघून खाकरत होती.

भांडं फुटलं ते अक्कलदाढेमुळे. चिमीची खालची दाढ अर्धीच वर आली होती, तिच्यावरची हिरडी सुजली, गाल टम्म फुगला, तोंड उघडेना. मामाने बॅटरीच्या उजेडात पाहिलं. त्याचे हात शिवशिवले, पण परवाना नव्हता.

"चल, आमच्या डॉक्टरकडे," तो म्हणाला. हात चांगला आहे त्याचा, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं. चिमीच्या काळजीत बाकी सगळं तो साफ विसरला.

खुर्चीवर चिमी, एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला नळी घेऊन मामा. इंजेक्शन दिलं. निम्मी जीभ, निम्मा ओठ बधिर होईपर्यंत डॉक्टरने गप्पा सुरू केल्या. पेशंटला बोलतं ठेवायची त्याला सवय, आणि पेशंट बोलू शकत नसेल तर आपणच बोलायची.

"तुम्हीपण परीक्षेची तयारी करताय, काका सांगत होते. चिंता करू नका. घरातच गुरू आहे तुमच्या. काका पहिल्याच फटक्यात पास, या वयात! काय चॉकलेटं वाटली त्या दिवशी!"

मामाची दातखीळ बसली.

चिमीचं तोंड उघडं होतं. त्यात मामाची नळी गुरगुरत होती. तिला बोलता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती. तिने फक्त डोळे फिरवले आणि मामाकडे रोखले. मामाने छताकडे बघायचा प्रयत्न केला. वीस वर्षं गप्प तोंडांवर राज्य केलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं, की माणूस तोंड न वापरताही काय काय बोलू शकतो. मग तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"अरे, दुखतंय का अजून?" डॉक्टर दचकला. "भूल चढली नाही वाटतं. सूज असली की हे असं होतं बघा. का बरं होतं, काका?"

मामाला या प्रश्नाचं उत्तर येत होतं. ते देऊ नये, हेही त्याला कळत होतं. पण जीभ आपली आपणच सुटली.

"सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते," तो पुटपुटला. "त्यामुळे औषध नसेच्या आत नीट शिरत नाही."

"वा! म्हणून तर पास झालात!" डॉक्टर म्हणाला आणि दुसरं इंजेक्शन भरायला वळला.

दाढ निघाली. कापसाचा बोळा दातांखाली धरून चिमी दवाखान्याबाहेर पडली आणि भराभर चालायला लागली. मामा मागून. सिग्नलपाशी दिवा लाल होता, म्हणून तिला थांबावं लागलं.

"का झांगिटलं नाईझ?" ती म्हणाली. निम्म्या तोंडातून शब्द येत होते आणि राग मात्र अख्खा.

"बोळा दाब, बोलू नकोस. रक्त..."

"मी विशारटेय, का?"

मामाने विनोद शोधला. एकही सापडेना. शेजारून एक सायकलवाला गेला, दिवा हिरवा झाला, परत लाल झाला, तरी दोघं तिथेच उभी.

"मला लाज वाटली," शेवटी तो म्हणाला. "सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, मी बुडणार. बुडायची तयारी होती माझी. पास व्हायची नव्हती. आणि तू शिकवलंस म्हणून मी पास झालो, आणि तू... तुझा वेळ मी खाल्ला, चिमे."

तिने बोळा काढला, पाहिला, परत दाबला. मग बोलली, सावकाश, एकेक शब्द जुळवत.

"तू वेळ नाही खाल्लास. तुला शिकवलं ते सगळं मला बरोबर आलं होतं. मी बुडाले सूक्ष्मजीवांत. ते मी एकटीने वाचलं. वाटलं, येतंच आपल्याला."

"मग मला का नाही शिकवलंस ते?"

"तू म्हणालास, एवढ्याशा जंतूंना एवढी मोठी नावं कशाला, आणि पुस्तक मिटून झोपायला गेलास."

हे मामाला आठवत होतं.

"राग त्याचा नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी म्हणून मी रोज उठत होते. मला वाटत होतं, मामा माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत आहे. त्याला सावरायला हवं. आणि तू मला कुरवाळत होतास, लहान मुलाला कुरवाळतात तसं."

मामाने तिच्या हातातली पर्स आपल्या खांद्याला लावली. चिमीने लावू दिली, पण घरापर्यंत चार पावलं पुढेच चालली. घरी मामीने दार उघडलं, दोघांची तोंडं पाहिली आणि कुणालाच काही न विचारता पातळ खिचडी टाकली.

तीन दिवस चिमीने अबोला धरला. औषध, पाणी, मिठाच्या गुळण्या सगळं मामीमार्फत. मग एका सकाळी ती टेबलावर आली, सूक्ष्मजीवांचं प्रकरण मामासमोर आपटलं आणि म्हणाली, "वाच. उद्या तुला शिकवणार आहे मी हे."

"मी पास आहे," मामा चाचरत म्हणाला.

"माहितीये. सगळ्या पेशंटांना माहितीये. वाच."

मामाने वाचलं. जंतूंची मोठमोठी नावं तोंडपाठ केली, तिच्यापुढे अडखळला आणि या खेपेला अडखळणं अस्सल होतं. त्याच आठवड्यात, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, मामीने समोर बसून त्याला दुसऱ्या भागासाठी नाव द्यायला लावलं.

पुढच्या परीक्षेत चिमी अशी काही पास झाली की मामाचे गुण तिच्यापुढे काढायची सोय राहिली नाही. मामाने ते आपणहून काढले, ते तुटपुंजे होते असं जाहीर केलं, आणि स्वतःला बरं वाटून घेतलं.

आणि मामाचा तो डाव्या हातचा मळ? प्रत्यक्ष कामाच्या परीक्षेला तो शीळ घालत गेला. नकली जबड्यातल्या दाढेवर काम त्याने असं सुरेख केलं की शेजारची पोरंपोरी आपलं सोडून बघायला लागली. परीक्षक बाईंनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "काम उत्तम आहे. पण तुम्ही डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवला नाहीत, पेशंटला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते विचारलं नाहीत, आणि नकली जबड्यावर दोनदा खेकसलात."

नापास. या वेळी भाषणही तयार नव्हतं.

घरी येऊन त्याने जसं घडलं तसं सांगितलं. मामी आणि चिमी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की चिमीला टेबलाचा आधार घ्यावा लागला. मामा थोडा वेळ फुगून बसला. मग आपण नकली जबड्यावर कसे खेकसलो ते त्याने करून दाखवलं आणि तोही हसायला लागला.

"चल," चिमी डोळे पुसत म्हणाली आणि जेवणाच्या खुर्चीत मान मागे टाकून बसली. "मी पेशंट. घे चमचा. कर सुरुवात."

मामा चमचा घेऊन वाकला.

"ॲलर्जी?" ती दातांवर दात ठेवून म्हणाली.

मामा सरळ झाला, घसा साफ केला आणि अदबीने म्हणाला, "बाई, आपल्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी वगैरे आहे का?"

"आहे," चिमी म्हणाली, "पण आधी हात धुऊन या."